मदत हवी आहे: बीटा-एंडॉर्फिन आणि स्किझोफ्रेनिया, दोन उलटे दावे एकत्र कसे बसवायचे?

मानसोपचारातल्या फसलेल्या प्रयोगांवर एक लेख लिहितोय. एका जागी अडकलोय.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ या संशोधकांनी एन्केफॅलिन (मेंदूतच तयार होणारं, अफूसारखं काम करणारं रसायन) शोधलं. पुढच्याच वर्षी संशोधक ली यांनी उंटाच्या पिट्युटरी ग्रंथीतून मिळवलेलं, त्याच जातीचं बीटा-एंडॉर्फिन जगासमोर आलं. १९७७ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनिया आणि नैराश्याच्या मोजक्या रुग्णांना शिरेतून दिलं आणि सुधारणा दिसल्याचं सांगितलं. नंतरच्या डबल ब्लाइंड चाचण्यांत (खरं औषध कुणाला दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं अशा) तो उत्साह ओसरला. इथवर ठीक.

पण त्याच १९७७ मध्ये स्वीडनच्या गुन्ने यांनी नेमकं उलटं केलं. नॅलोक्सोन (अफूसारख्या रसायनांचा परिणाम रोखणारं औषध) देऊन ओपिऑइड रिसेप्टर (पेशींवर ही रसायनं जिथे बसतात त्या जागा) अडवले, तर काहींचे आवाजाचे भास कमी झाले म्हणे! वाढवलं तरी गुण, अडवलं तरी गुण? मला तरी पचत नाही.

मूळ शोधनिबंधांचे सारांश वाचलेत. 'नमुना लहान होता' आणि 'प्लासिबोचा परिणाम' ही उत्तरं माहीत आहेत, ती नकोत. ३१ अमिनो आम्लांची साखळी असलेलं बीटा-एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही, हेही ठाऊक आहे. उपचाराचा सल्ला मागत नाहीये, कुणी आजारी नाही.

औषधशास्त्र किंवा मानसोपचारातल्या जाणकारांनी एवढंच सांगावं: वेगवेगळे ओपिऑइड रिसेप्टर आणि डोपामिनवरचा (मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनावरचा) त्यांचा परिणाम धरला, तर हे दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात का, की त्यातला एक सोडूनच द्यावा लागतो?