पत्र्यावरचा पाऊस आणि 'लिसनिंग': इंग्रजीच्या परीक्षांचे अनुभव सांगा

सुरंगी
परवापासून भाची आमच्याकडे राहायला आली आहे. रत्नागिरीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे बाहेर शिकायला जायचं म्हणून केंब्रिजची सी-वन ॲडव्हान्स्ड ही इंग्रजीची परीक्षा देतेय. काल दुपारी पडवीत हेडफोन लावून बसली आणि वरून पाऊस जो लागला! पडवीला पत्रे. दहा मिनिटांत कान चोळत आत आली, "मावशी, ती बाई काय बोलतेय काही कळत नाही गं, नुसता ताशा वाजतोय." म्हटलं चल, तुला जागा दाखवते. आणि तिला बाळंतिणीच्या खोलीत नेऊन बसवलं.

२००४ साली मी तिथेच बसले होते. तेव्हा आयएल्ट्स ही इंग्रजीचीच दुसरी परीक्षा दिली होती. फिशरीजची डिग्री हातात, डोक्यात स्कॉटलंड. पुण्याच्या मामेभावाने सरावाच्या तीन कॅसेट भरून पाठवल्या. जुलैत त्यातल्या एकीला बुरशी लागली. तिच्यातला माणूस 'द लायब्ररी इज ओपन फ्रॉम' एवढं नीट बोलायचा आणि मग विहिरीत पडल्यासारखा गुरगुरायचा. ती लायब्ररी किती वाजता उघडते ते मला अजून माहीत नाही.

घरात शांत जागा ही एकच. खिडकी नाही, चिऱ्याच्या जाड भिंती, वर माळा. पाऊस दुसऱ्याच गावात पडतोय असं वाटतं. कंदील, वॉकमन आणि मी, रोज संध्याकाळी तासभर दार लावून. आठवड्याभरात शेजारच्या काकूंनी आईला विहिरीवर गाठून हळूच विचारलं, "बरी आहे ना हो ती?" आई म्हणाली, "परीक्षा आहे तिची." काकू म्हणाल्या, "हो हो, परीक्षाच असते ती."

नऊपैकी बँड ७ आला. गेले मात्र नाही. त्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं, मग हे झालं, मग ते. त्या निकालाची मुदत दोनच वर्षं. काल माळ्यावरच्या ट्रंकेत तो कागद सापडला, कडेने वाळवी लागलेला. भाची म्हणते तिच्या सर्टिफिकेटला मुदत नसते. ऐकून उगाच बरं वाटलं.

तुमचे अनुभव लिहा, कोणतीही परीक्षा चालेल. विशेष करून बोलायचा सराव कोणाबरोबर केलात ते सांगा. तिचं तिथेच अडलंय. माझ्याशी इंग्रजी बोलायला लागली की दोघींनाही हसू फुटतं.

बांगडा_फ्राय
"परीक्षाच असते ती" 😂😂 काकू ग्रेट आहेत. बारसं कधी केलंत?

सुरंगी
निकाल आला तेव्हा काकूंनी खरंच डिंकाचे लाडू पाठवले होते!

चिरेबंदी
मुदतीबद्दल थोडं. सी-वनचं सर्टिफिकेट संपत नाही हे बरोबर, पण काही विद्यापीठं अलीकडचाच निकाल मागतात. जिथे अर्ज करायचा तिथे आधी विचारून घ्या.

मी दोन्ही दिल्या आहेत म्हणून लिहितो. आयएल्ट्सला लिसनिंग एकदाच ऐकवतात. सी-वनला दोनदा. पण म्हणून सोपं समजू नका, शेवटच्या भागात पाच माणसं एकामागून एक बोलतात आणि प्रत्येकाबद्दल दोन-दोन प्रश्न. एक कान इथे, एक कान तिथे. माझं पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, १० पैकी २. जेवण आलं, नंतर लिहितो

खाडीपलीकडे
मी हर्णैची. आयएल्ट्सच्या स्पीकिंगला कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग दोन मिनिटं सलग बोलायचं. मला आलं, पाण्याजवळच्या जागेचं वर्णन करा. मनात म्हटलं देव पावला! बंदरावरचा संध्याकाळचा माशांचा लिलाव सांगायला घेतला. होड्या येतात, बैलगाड्या पाण्यात जातात, टोपल्या उतरतात, वाटे लागतात... आणि 'लिलाव' या शब्दापाशी गाडी थांबली. ऑक्शन हा शब्द मला येत होता हो! शाळेपासून येतो. पण तोंडात काही केल्या येईना. शेवटी म्हटलं, 'पीपल शाउट प्राइसेस ॲट द फिश.' परीक्षक बाई हसू दाबत होत्या. पुढे विचारलं कोणते मासे, मी म्हटलं बॉम्बे डक. त्या म्हणाल्या, 'सो दे सेल डक्स टू?' पुढची मिनिटभर मी बोंबील हा पक्षी नाही हे पटवत होते.

स्पीकिंगला ७ मिळाले. अडखळल्यावर गप्प न बसता दुसऱ्या शब्दांत सांगितलं, त्यालाही गुण असतात असं नंतर कळलं.

बांगडा_फ्राय
पीपल शाउट प्राइसेस ॲट द फिश. हे मी टीशर्टवर छापून घेणार.

कलमावरचो
सुरंगीताय, तुझी खोली वाचून हसाक इला. माझा उलटाच. माका बोलूक कोण गावना, म्हणान मी मे म्हयन्यात कलमांत राखणेक ऱ्हवायचंय तेव्हा थयच मोठ्यान बोलायचंय. मी आणि वांदर. 'आय कम्प्लीटली डिसअग्री विथ यू' असा जोरात म्हटलंय की वांदर खाली उतरनत नाय. बापूस म्हणाक लागलो, यंदा फटाक्यांचो खर्च वाचलो.
शेवटी परीक्षेक सामको गोरो मनीस बसलो तेव्हा जराय भियालंय नाय. वांदरांपेक्षा सभ्य होतो.

सुरंगी
अरे देवा! भाचीला वाचून दाखवलं, ती लोळतेय. आमच्याकडे कलमं दोनच आहेत पण वानर भरपूर. बघते.

घाटमाथ्यावरून
धागा छान. थोडं अवांतर, गुहागरला दिवाळीत चार दिवस यायचंय, घरगुती जेवण मिळेल अशी जागा कुणी सुचवेल का? शाकाहारी.

खाडीपलीकडे
@घाटमाथ्यावरून वेगळा धागा काढा की. आणि हर्णैला या, शाकाहारी कशाला राहताय.

वाशिष्ठीकाठ
माझी परीक्षा ऑगस्ट २०२१ मध्ये होती. २२ जुलैला चिपळूणला पुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत लिहीत नाही. आम्ही पहाटे वर चढलो तेव्हा आईने दागिने घेतले, बाबांनी इन्व्हर्टर उचलायचा प्रयत्न केला (!), आणि मी पासपोर्ट. कारण आपल्याकडे आयएल्ट्सला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो. पिशवीत, पिशवी डब्यात, डबा तांदळात. नोट्स, पुस्तकं, लॅपटॉप सगळं खाली राहिलं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आतून चिखलाचा लगदा आला, त्यात माझा हायलायटरचा पिवळा रंग तेवढा दिसत होता.

आपलं वाचन मंदिर १८६४ चं. तिथलीही पुस्तकं चिखलात गेली. मी तिथे बसून अभ्यास करायचो. लोक घरातला गाळ काढून झाल्यावर तिथला काढायला जात होते. मीही गेलो. त्या पंधरा दिवसांत इंग्रजीचा एक शब्द वाचला नाही.

परीक्षा पुढे ढकलून घेतली. मग निबंधाला विषय आला, नैसर्गिक आपत्तीत जबाबदारी सरकारची की नागरिकांची. २५० शब्द पुरे म्हणतात, माझे ४०० झाले.

सुरंगी
काय लिहू कळत नाही. बाबांचा इन्व्हर्टर वाचला का?

वाशिष्ठीकाठ
नाही. बाबा वाचले. 🙂

निवृत्त_मास्तर
नमस्कार. ३४ वर्षे इंग्रजी शिकवले, त्यातली बरीचशी किनाऱ्यावरच्या शाळांत. आपली मुले घाबरतात म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. केंब्रिजची सर्वांत वरची परीक्षा, प्रोफिशियन्सी, १९१३ साली प्रथम झाली. सुमारे १२ तासांचे पेपर, त्यात भाषांतर आणि उच्चारशास्त्रसुद्धा. बसले ३ उमेदवार. तिघेही नापास! तरी परीक्षा चालू राहिली. भाचीची सी-वन ही तिच्या एक पायरी खालची, १९९१ पासूनची.

आता चुका. आपली मुले व्याकरणात कच्ची नसतात, मराठीतून इंग्रजी बोलतात ही अडचण. 'डिस्कस अबाउट'. 'टुडे मॉर्निंग'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. शिवाय मराठीत ए, ॲन, द नाहीत, त्यामुळे एक तर ते गळतात नाहीतर भाजीत मीठ दोनदा पडावे तसे पडतात. रोज एक परिच्छेद घ्यावा, त्यातले सगळे 'द' खोडावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावेत. खर्च शून्य.

चिरेबंदी
जेवून आलो. (कुळथाची पिठी, कोणी विचारलं नाही तरी.) सर म्हणतात ते खोडण्याचं अगदी कामाचं, सी-वनच्या रीडिंग आणि यूज ऑफ इंग्लिशच्या पेपरात दुसऱ्या भागात तेच तर असतं, गाळलेला छोटा शब्द भरा.

मला जड गेला तो चौथा भाग. एक वाक्य देतात, एक शब्द देतात, तो शब्द न बदलता तोच अर्थ ३ ते ६ शब्दांत बसवायचा. माझ्या वहीतलं उदाहरण, बायकोवरून सुचलेलं: 'एव्हरी टाइम आय हँग द वॉशिंग आउट, इट रेन्स.' दिलेला शब्द 'विदाउट'. दुसरं वाक्य सुरू होतं 'आय नेव्हर' ने आणि संपतं 'रेनिंग' ने. मधे काय? 'हँग द वॉशिंग आउट विदाउट इट'. मोजा, सहा. अशी रोज दोन वाक्यं घरातल्याच गोष्टींवर करायचो. तिसरा भाग शब्द घडवायचा. 'रिलाय' दिलाय, वाक्य गावातल्या विजेबद्दल आहे. उत्तर सांगायची गरज आहे का?

बांगडा_फ्राय
अनरिलायेबल! मला सी-वन द्या.

तिठ्यावरची
मी पैसे घालवलेली बाई, माझंही ऐका. शहरातला एक क्लास, नाव नको. 'आठ बँडची हमी'. तिथे निबंधाचा साचाच पाठ करून घेतला. सुरुवात 'इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन', मधे 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', शेवटी 'टू कन्क्लूड, आय वुड लाइक टू से'. विषय प्राणिसंग्रहालय असो की पेन्शन, आमच्या बॅचच्या तीस मुलांच्या नाण्याला दोनच बाजू. रायटिंगला ५.५. पाठ केलेलं परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं, आणि ते मोजतच नाहीत.

दुसऱ्यांदा एकटीने केलं. आमच्या एसटी स्टँडची अवस्था या विषयावर इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. मग जेट्टीवरच्या कचऱ्यावर प्रपोजल. खरा राग असला की शब्द आपोआप सापडतात, साचा लागत नाही. ७ आले. भाचीला सांगा, सी-वनच्या दुसऱ्या प्रश्नात रिपोर्ट आणि प्रपोजल दोन्ही येऊ शकतात, आणि आपल्याकडे तक्रारीला विषय कमी नाहीत.

निवृत्त_मास्तर
तो रिपोर्ट मराठीत करून आगारात द्यावा.

तिठ्यावरची
सर दिला होता. पोच पण मिळाली नाही. 😄

चाकरमानी_४०४
बोलण्याच्या सरावाबद्दल कोणी नीट लिहिलंच नाही म्हणून लिहितो, दादर स्टेशनवर उभा आहे, चुका माफ.

मी मालवणजवळचा. वाडीत इंग्रजी बोललं की पहिला वार 'काय रे, सायेब झालास?' तोंड उघडायची सोयच नाही. आणि वाईट असं की मीही तेच केलंय. आमच्या वर्गात एक मुलगा होता, तो सरांशी इंग्रजीत बोलायचा. आम्ही त्याला 'लॉर्ड' म्हणायचो, दहावीपर्यंत. नववीच्या मध्यावर तो इंग्रजी बोलायचा बंद झाला. मला कॉलेजात स्पीकिंगची तयारी करायची वेळ आली तेव्हा पहिला तोच आठवला. फोन केला. म्हटलं, मला रोज वीस मिनिटं देशील का. तो जरा थांबला, मग म्हणाला, 'ओके. बट यू हॅव टू कॉल मी लॉर्ड.' दीड महिना रोज रात्री. गाडी आली

खाडीपलीकडे
😭❤️

कलमावरचो
ह्या लॉर्डाक माझो नमस्कार सांग.

ओली_काजू
मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय. मी पण सी-वनच देणारे, कुडाळजवळ राहते. स्पीकिंग त्यात एकट्याचं नसतं, दोघांना एकत्र बसवतात आणि समोर दोन परीक्षक. तीन फोटो देतात, त्यातल्या दोनांवर मिनिटभर बोलायचं, मग दुसऱ्याच्या फोटोंवर अर्धा मिनिट. नंतर दोघांनी मिळून चर्चा करायची. म्हणजे जोडीदाराला बोलूही द्यायचं आणि आपणही बोलायचं. एकटीने आरशासमोर काय चर्चा करणार? भाऊ बसतो समोर पण तो प्रत्येक प्रश्नाला 'येस आय थिंक सो' म्हणतो आणि मोबाईल बघतो. सुरंगीताई, तुमच्या भाचीला चालेल का माझ्याबरोबर? माझंही इंग्रजी अडखळतंच.

घाटमाथ्यावरून
तो भाऊ म्हणजे मी. आणि गुहागरचं कोणी सांगितलंच नाही अजून.

सुरंगी
@ओली_काजू, भाचीच टाइप करतेय आता मावशीच्या फोनवरून. हो!!! चालेल काय, धावेल. माझी अट एकच, हसायचं नाही. म्हणजे हसायचं पण इंग्रजीत. तुझ्याकडे फोटो आहेत का सरावाचे? नसले तर मावशीचे लग्नाचे अल्बम आहेत, 'कम्पेअर द टू ग्रूम्स' करू. 😜

ओली_काजू
😂 फोटो आहेत. रात्री साडेनऊ? आधी आमच्याकडे मालिका असते, आवाज फार.

सुरंगी
साडेनऊ पक्कं. आत्ता इथे लाईट गेली आणि पाऊस पत्र्यावर परत सुरू झालाय, पण मी त्या खोलीतच बसणार आहे. कंदील मावशी काढून देतेय. व्हिडिओत फक्त नाक दिसेल.

बांगडा_फ्राय
शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.