खेडगावच्या ८० जागा आणि आमचा सोसायटी ग्रुप

बी-४०२ ईश्वरीची आई: नवोदयचा (सहावीपासूनची सरकारी निवासी शाळा) प्रवेश परीक्षेचा फॉर्म कोणी भरलाय का? ईश्वरी पाचवीला आहे. क्लासवाले म्हणतात आत्ताच बॅच लावा. फी ऐकून ह्यांनी हातातला कप खाली ठेवला.

ए-३०१ सेक्रेटरी: टाकी धुण्याचे काम चालू आहे. दुपारी २ पर्यंत पाणी येणार नाही. सहकार्य करावे.

सी-१०४ सोहमचे बाबा: ताई, आम्ही मागच्या वर्षी भरला होता. ऑनलाइन आहे, एक रुपया लागत नाही. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा दाखला, फोटो, पालकांची सही, मुलाची सही. परीक्षा जानेवारीत झाली. सोहमचं नाव नाही आलं. आणि पुन्हा बसता येत नाही, पाचवीत असताना एकदाच काय ते.

डी-२०३ काकू: एवढ्याशा लेकराला हॉस्टेलला कशाला धाडायचं म्हणते मी.

सी-१०४ सोहमचे बाबा: काकू, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. सीबीएसई बोर्ड, बारावीपर्यंत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो (सरकारी नोकरांच्या मुलांना १५००), तोही मुलींना माफ. आपल्याकडे ६०० रुपयांत शाळेची व्हॅन तरी येते का?

बी-४०२ ईश्वरीची आई: मग सोहमचं कुठे अडलं? हुशार आहे की तो.

सी-१०४ सोहमचे बाबा: पेपर सोपा होता म्हणाला 😄 रात्री जेवताना हळूच सांगितलं. मधला एक प्रश्न येईना म्हणून सोडला, पण उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ सोडायची राहिली. पुढची सगळी उत्तरं एक घर वर. बॉलपेनने गोल रंगवायचे, खोडता येत नाही. शेवटी प्रश्न संपले आणि एक ओळ कोरी उरली, तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं.

ए-१०१ आबा: सोडलाच कशाला? चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. येवो न येवो, गोल कोरा ठेवायचा नाही, हे मी पोरांकडून पाठ करून घ्यायचो.

ईश्वरीच्या आई, क्लासचे पैसे भरायच्या आधी एक हिशेब करा. आपल्या जिल्ह्याची शाळा खेडगावला, दिंडोरी तालुक्यात. सहावीला जागा ८०. त्यातल्या निदान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण शाळांतल्या मुलांच्या. उरल्या २०. त्या शहरवाल्यांच्या नावावर आहेत असं सगळे समजतात. तसं नाही. त्या खुल्या आहेत, खेड्यातलं पोर गुणांवर त्यातही येतं. म्हणजे नाशिक, मालेगाव, मनमाड मिळून सगळी शहरी पोरं त्या २० वर डोळा लावून. मुलींना एकूण एक तृतीयांश जागा आहेत, तेवढा तिला आधार.

बी-२०१ भाऊ: मग सोपं आहे की. मेहुण्याची गावातल्या शाळेत ओळख आहे. दाखला काढून देतो, नाव तिकडे दाखवा.

ए-१०१ आबा: भाऊ, तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं पुरती ग्रामीण शाळेत लागतात. मधे एक दिवस शहरातल्या शाळेत काढला तरी मूल शहरी धरतात. प्रवेशाला कागद तपासतात, खोटं निघालं की गेलं.

आणि समजा निभावलं, तर जागा कोणाची जाईल तेही सांगतो. मी पेठ तालुक्यात झेडपीच्या शाळेवर होतो. पाड्यावरचा एक पोरगा लागला. बाप दरवर्षी छाटणीला दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत यायचा. त्याच रस्त्याने आम्ही तिघं खेडगावला गेलो. पत्र्याची नवी पेटी होती. एसटीत जागा होती तरी बापाने ती सबंध वाट मांडीवर धरली. शाळेत पोचल्यावर शिपाई म्हणाला ठेवा इथे, तरी खाली ठेवीना.

बी-२०१ भाऊ: आबा, माफ करा. सहज बोलून गेलो.

सी-३०२ मामी: आमचे हे सातारा सैनिक स्कूल म्हणताहेत. चालेल का?

सी-१०४ सोहमचे बाबा: तिकडे वेगळाच खेळ. ३०० पैकी १५० गुण नुसत्या गणिताला. लेखीनंतर मेडिकल. फी पण आहे, नीट बघून घ्या. मुलींना आता प्रवेश आहे.

बी-४०२ ईश्वरीची आई: आबा, हिशेब कळला. तरी तिला बसायचंय. तिची मैत्रीण बसतेय म्हणून 🤦‍♀️ क्लास न लावता काय करून घेऊ?

ए-१०१ आबा: मग बसू दे की! पेपर मराठीत देता येतो. २ तास, ८० प्रश्न, १०० गुण. गणित २०, भाषा २०, ते शाळेचंच आहे. खरी मारामारी पहिल्या ४० प्रश्नांत, त्यांना निम्मे गुण. नुसत्या आकृत्या, वाचायला जवळपास काही नाही. दहा प्रकार, प्रत्येकाचे ४ प्रश्न. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती असं.

पुस्तक नंतर आणा. आज रद्दीतला कागद घ्या. एकदा आडवी घडी, एकदा उभी. सुईने आरपार भोक पाडा. उघडायच्या आधी तिला विचारा, किती भोकं आणि कुठे कुठे. बोटाने दाखवायला लावा. मग उघडा. माझ्या वर्गात फळ्यापेक्षा हेच जास्त चालायचं.

डी-२०३ काकू: पाणी आलं का कोणाकडे?

ए-३०१ सेक्रेटरी: १५ मिनिटं.

बी-४०२ ईश्वरीची आई: आबा, दोन म्हणाली. उघडलं तर चार. मग तिरकी घडी घातली, तिथे मीच चुकले. आता ऐकतच नाहीये, सासऱ्यांचा आजचा पेपर पण भोकं पाडून ठेवलाय. त्यांनी अजून वाचला नव्हता.

ए-१०१ आबा: माझा वाचून झालाय. पाठवा तिला खाली.