आजीच्या धवळ्यांच्या कॅसेट्स संगणकावर उतरवायच्या आहेत : कोणत्या स्वरूपात आणि कोणाकडून?

घणसोलीकर

नमस्कार. आमचे मूळ घर घणसोली गावठाणातले असून आम्ही आगरी आहोत. माझी आजी धवलारीण, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी (धवळे) म्हणणारी होती आणि आसपासच्या गावांतील लग्नांत मांडवापासून हळदीपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक विधीचे धवळे म्हणायला तिला बोलावणे येत असे. माझ्या काकांनी १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) तिचे धवळे वेळोवेळी टेप केले. त्या वीस-बावीस कॅसेट्स, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांवर गोळीबार झाल्यानंतर गावात भरलेल्या एका सभेचे ध्वनिमुद्रण, धाकट्या आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आणि २००० नंतरच्या लग्नांच्या काही व्हीसीडी असा सगळा ऐवज आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत आहे. आजी आता हयात नाही. तिच्या मागे धवळे म्हणणाऱ्या बायकांपैकी माझी थोरली आत्या आहे, तिची पंचाहत्तरी उलटली आहे.

वाशीतील एका दुकानात मी नमुन्यादाखल एक कॅसेट उतरवून घेतली. दुकानदाराने ती हातात मावणाऱ्या यूएसबी प्लेअरमध्ये घालून थेट एमपीथ्री करून दिली. आत्याला ऐकवल्यावर ती म्हणाली की चाल आईचीच आहे, पण शब्द तोंडातल्या तोंडात म्हटल्यासारखे वाटतात. तीच कॅसेट काकांच्या जुन्या टू-इन-वनवर लावली तेव्हा खरखर बरीच होती, तरी शब्द न् शब्द कळत होता. हा फरक कशामुळे पडला असावा? भाचा म्हणतो की एमपीथ्री केल्यामुळे काही बिघडत नाही, तर पुण्याचे मेव्हणे म्हणतात की ध्वनीचे नमुने घेण्याचा दर ९६ किलोहर्ट्झ आणि प्रत्येक नमुना २४ बिट, यापेक्षा कमी दर्जाचे काही घेऊच नये. हे काम घरी करता येण्याजोगे आहे की एखाद्या जाणकाराकडेच सोपवावे, हेही कृपया सांगावे.

टेपमिस्त्री, नौपाडा

तुमच्या आत्यांच्या कानांनी दोष अचूक पकडला आहे, आणि माझ्या अनुभवावरून सांगतो की तो हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, कोनाचा आहे. टेपरेकॉर्डर आणि डेक यांच्या दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे हा मुद्दा जरा विस्ताराने मांडतो.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटमधील फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतक्या मंद गतीने हेडवरून सरकते. हेडमध्ये एक अतिशय अरुंद फट असते आणि ती फितीच्या दिशेशी बरोबर काटकोनात असावी लागते. काकांच्या टू-इन-वनचे हेड मुळातच किंचित तिरके बसलेले असेल, तर सगळे धवळे त्याच तिरकेपणाने फितीवर उमटलेले असणार. त्याच यंत्रावर ते वाजवले की दोन्ही तिरकेपणे जुळतात आणि आवाज मोकळा येतो. दुसऱ्या यंत्रावर ते जुळत नाहीत आणि सर्वांत आधी वरच्या पट्टीतील ध्वनी नाहीसे होतात. माणसाच्या उच्चारातील स, श, च, त यांचा स्पष्टपणा नेमका त्याच भागात असतो, म्हणून चाल कळते आणि शब्द मात्र गिळल्यासारखे वाटतात. फाइल एमपीथ्रीऐवजी कितीही भारी स्वरूपात घेतली असती, तरी त्या यूएसबी प्लेअरमधून हे शब्द आले नसते.

यावरचा उपाय असा, की चांगल्या अवस्थेतील डेक मिळवावा, कॅसेट चालू ठेवावी आणि हेडच्या बाजूचा स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू बारीक पेचकसाने अगदी किंचित फिरवत आवाज सर्वाधिक स्पष्ट कुठे येतो ते कानाने ठरवावे. यालाच आम्ही हेड सेटिंग म्हणतो. दुकानातून ते एकदाच करून आणले म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. एखादी कॅसेट शेजाऱ्यांच्या यंत्रावर टेप झालेली असू शकते, म्हणून प्रत्येक कॅसेटला आणि शक्यतो प्रत्येक बाजूला ते नव्याने तपासावे लागते. हेच काम जाणकाराचे आहे. बाकीचे बरेचसे तुम्ही घरी करू शकाल.

कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहा. आपल्याकडच्या खाडीच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट वाजवू नका, कारण ती बुरशी हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. समोरच्या तोंडापाशी तांब्यासारख्या पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. तेव्हा फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवावी. कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन्ही खुंट्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी आजींचा आवाज पुसला जाणार नाही. डेकमधील रबरी पट्टे जुने असतील तर ते आधी बदलून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि डॉल्बीचे (खरखर कमी करणाऱ्या सोयीचे) बटण बंद ठेवा, कारण टू-इन-वनवर घरगुती टेप केलेल्या कॅसेट्सना त्याची गरज नसते.

गतीचाही प्रश्न येईल. लग्नाच्या मांडवात टू-इन-वन अनेकदा सेलवर चालवला जाई; सेल उतरले की फीत हळू सरके आणि आज ती योग्य गतीने वाजवली की आवाज चढा आणि घाईचा वाटतो. ध्वनिमुद्रण घरातल्या विजेवर झाले असेल तर त्यात मागे विजेचा मंद गुंजारव असतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून तो गुंजारव ५२ हर्ट्झवर दिसला तर फीत सुमारे चार टक्के जलद वाजते आहे असे समजावे. गतीची ही दुरुस्ती संगणकावर नंतर आणि प्रतीवरच करावी.

स्वरूपाविषयी थोडक्यात सांगतो. घरगुती टू-इन-वनवर टेप केलेल्या साध्या कॅसेटमध्ये १५ किलोहर्ट्झच्या वर फारसे काही नसते, त्यामुळे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि डब्ल्यूएव्ही (आवाजातले काहीही न गाळता साठवणारी फाइल) हे पुरेसे आहे. तासाला सुमारे एक जीबी जागा लागते, म्हणजे सगळ्या कॅसेट्स नव्वद मिनिटांच्या धरल्या तरी ३५ जीबीच्या आसपास सर्व मावेल. ९६ किलोहर्ट्झची शिफारस ध्वनिसंग्रहालये करतात आणि ती चुकीची नाही. मात्र हेडचा कोन चुकलेला असेल तर त्या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. आणखी एक विनंती करतो. खरखर काढून टाकणारी सोय मूळ फाइलवर कधीही वापरू नका, कारण खरखरीबरोबर तेच स आणि श पुन्हा जातात.

प्रवासी, ऐरोली

वरील माहिती मौलिक आहे, तरीही तिच्यामुळे काम लांबणीवर पडेल अशी मला काळजी वाटते. कितीतरी घरांत 'नीट करायचे' म्हणून कॅसेट्सच्या पेट्या माळ्यावर राहतात. डेक मिळत नाही, मिस्त्री सापडत नाही आणि दरम्यान पावसाळे जात राहतात. घणसोलीकरांच्या नातेवाईकांपैकी बहुतेकजण हे धवळे मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडूनच ऐकणार आहेत. ३२० केबीपीएसची एमपीथ्री फाइल आणि डब्ल्यूएव्ही यांतील फरक माझ्या कानाला जाणवत नाही आणि बहुतेकांना तो जाणवणार नाही. एमपीथ्री तासाला १५० एमबीच्याही आत बसते, सहज पाठवता येते आणि एकच ध्वनिमुद्रण वीस घरांत पोहोचले तर ते नष्ट होण्याची शक्यता आपोआप कमी होते. एका हार्ड डिस्कवर पडून राहिलेल्या उत्तम फाइलपेक्षा गावभर पसरलेली साधी फाइल मला अधिक सुरक्षित वाटते. म्हणून माझे मत असे, की काकांचा टू-इन-वन आजही शब्द स्पष्ट ऐकवत असेल, तर त्याच्याच हेडफोनच्या जागेतून तार काढून आजच सगळ्या कॅसेट्स उतरवून घ्याव्यात आणि उत्तम प्रत सवडीने करावी.

लोकगीत-अभ्यासक, कळवा

प्रवासी यांचा घाईचा आग्रह मला पटतो, पण घाई कोणत्या गोष्टीची हवी याबद्दल माझे म्हणणे वेगळे आहे. बुरशी न लागलेल्या कॅसेट्स कोरड्या जागी ठेवल्या तर आणखी काही वर्षे तग धरतील. थोरल्या आत्यांच्या स्मरणात जे आहे ते मात्र कोणत्याही फितीवर नाही. कोणता धवळा कोणत्या विधीचा, आजींच्या मागे कोणाकोणाचे आवाज आहेत, लग्न कोणत्या गावचे, एखादे कडवे त्या घरच्या माणसांची नावे घालून आयत्या वेळी बदलले आहे का, हे सांगू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. उत्तम दर्जाचे आणि निनावी असे ध्वनिमुद्रण मी अभ्यासात बरेच पाहिले आहे. त्यातून चाल मिळते, पण ते गीत हळदीचे की मांडवाचे एवढेही खात्रीने लिहिता येत नाही, आणि मग ते कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

म्हणून प्रवासी म्हणतात तशी कामचलाऊ प्रत जरूर करा, मात्र ती प्रथम आत्यांसाठी करा. त्यांच्याजवळ बसून एकेक बाजू ऐकवा, मधेमधे थांबवा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करा. वहीत डाव्या बाजूला मिनिट आणि सेकंद, उजव्या बाजूला त्यांनी सांगितलेले, एवढी मांडणी पुरते. त्यांना वर्ष विचारू नका. वर्षे कोणालाच नीट आठवत नाहीत. रेल्वे वाशीला येण्याच्या आधीचे लग्न की नंतरचे, असे विचारा. ती १९९२ मध्ये आली. भातशेती सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) ताब्यात जाण्यापूर्वीचे की नंतरचे, कोणाचा मुलगा तेव्हा कडेवर होता, अशा खुणांवरून साल दोन-तीन वर्षांच्या अंतरापर्यंत आणता येते. कॅसेटच्या वेष्टनावर काकांनी पेनाने जे काही लिहिले असेल त्याचे छायाचित्र घ्या आणि फाइलचे नाव त्याच्याशी जुळते ठेवा. शब्द उतरवताना आगरी उच्चार प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सभेच्या ध्वनिमुद्रणाबद्दलही एक सांगावेसे वाटते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्धच्या त्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले आणि प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याच्या धोरणामागे तोच लढा होता. अशा वेळी गावातल्या साध्या माणसांनी आपल्या भाषेत काय म्हटले, याची नोंद छापील बातम्यांत फारच कमी उरते. ती कॅसेट घरगुती ठेव म्हणून बाजूला ठेवू नका. सभेला हजर असलेले कोणी गावात असतील तर त्यांनाही ती ऐकवून बोलणाऱ्यांची ओळख पटवून घ्या.

घणसोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी आत्याकडे टू-इन-वन आणि वही घेऊन जाण्याचे ठरवले आहे, आणि सभेच्या कॅसेटसाठी गावातील दोन ज्येष्ठांशी बोलणे झाले आहे. टेपमिस्त्री यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काकांच्या यंत्रातून आत्ता कामचलाऊ प्रत केल्याने फितीला इजा होण्याचा संभव आहे का? आणि व्हीएचएस व व्हीसीडी यांचे काय करावे?

टेपमिस्त्री, नौपाडा

यंत्राचे हेड आणि रबरी चाक आधी पुसून घेतले आणि पहिल्यांदा घरातील एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवून पाहिली, तर धोका फारसा नाही. फीत चाकाला गुंडाळली जात नाही याची खात्री झाल्यावरच आजींची कॅसेट घाला. वर्षानुवर्षे न वाजलेली फीत सुरुवातीला एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून सैल करून घ्यावी. १२० मिनिटांची कॅसेट असेल तर ती मात्र त्या यंत्रात घालू नका, कारण तिची फीत फार पातळ असते आणि चटकन अडकते. प्रवासी यांच्या सूचनेत एवढाच बदल करीन, की कामचलाऊ प्रतही डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या आणि वाटण्यासाठी तिच्यापासून एमपीथ्री बनवा. एमपीथ्रीत जे टाकून दिले जाते ते पुन्हा परत मिळत नाही.

सर्वांत आधी व्हीसीडी हाताळा, कारण त्या सर्वांत सोप्या आहेत आणि त्यांचा भरवसाही सर्वांत कमी आहे. छायाचित्रकारांनी घरी लिहून दिलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्याचा थर वर्षांनुसार खराब होतो, आणि तो गेला की त्यातले काहीच वाचता येत नाही. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून त्यातील डीएटी फाइल जशीच्या तशी उतरवून घ्या. चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचेच आहे, ते मोठे करण्याच्या फंदात पडू नका.

व्हीएचएसचे काम घरी करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. तिचे यंत्र आता कोणी बनवत नाही. जपानमधील फुनाई ही शेवटची उत्पादक कंपनी २०१६ मध्ये थांबली. त्यामुळे झिजलेले हेड बदलून मिळणे कठीण झाले आहे, आणि खराब हेडवर एकदा जरी फीत घासली तरी चित्रात कायमची रेघ उमटू शकते. दुकानात देताना त्यांच्या यंत्रावर आधी दुसरी कॅसेट लावून दाखवायला सांगा. आपल्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी आणि चित्राच्या ५७६ ओळी असतात, तेवढ्याच ठेवून आणि कमीत कमी कॉम्प्रेस करून फाइल मागा. पेनड्राइव्हवर 'एचडी करून देतो' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. ध्वनीच्या डेकसाठी लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात फेरी मारावी लागेल; घेताना काकांची एखादी कॅसेट खिशात असू द्या आणि तीच लावून ऐका. डेक मिळाला की इथे लिहा, हेड सेटिंग करून द्यायला मी घणसोलीला येईन.