चिकणा म्हणजे बलाच का?

'चिकणा' या झुडपाच्या नावाचा अर्थ पुष्कळ ठिकाणी नुसता 'बला' असा दिलेला असतो. तो अपुरा आहे. पडीक जमिनीत आणि वाटेच्या कडेला उगवणारी, फिकट पिवळ्या फुलांची ही झुडपे भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. मात्र मराठीत चिकणा हे एकाच जातीचे नाव नाही, तर सिडा या प्रजातीतील अनेक जातींना ते सरसकट लावले जाते. पान हृदयाच्या आकाराचे आणि दोन्ही अंगांनी मऊ लवेचे असेल, तर ती सिडा कॉर्डिफोलिया, म्हणजेच आयुर्वेदातील बला. पान अरुंद, टोकदार व दातेरी असेल, तर ती सिडा अक्यूटा. तिलाही लोक चिकणाच म्हणतात. म्हणजे बला हा चिकणा खरा, पण प्रत्येक चिकणा बला नव्हे.

नावाचा उगम मला पानातच दिसतो. ओले पान चुरगाळले की बोटांना बुळबुळीत रस लागतो, आणि चिकणमाती, चिकणी सुपारी या शब्दांतला चिकणेपणाही याच जातकुळीचा आहे.

'बला' हा शब्द बलावरून आला. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला ज्या बला आणि अतिबला या विद्या देतात, त्यांची नावेही हीच आहेत. 'बला टळली' मधली बला मात्र अरबी, संकट या अर्थाची. उच्चार सारखा असला तरी दोन्हींचा काडीचाही संबंध नाही, म्हणून कोशात त्यांच्या नोंदी वेगळ्याच हव्यात.

अधिक घोळ होतो तो अतिबला या दुसऱ्या वनस्पतीपाशी. तिला मराठीत मुद्रा किंवा पेटारी म्हणतात, आणि मुद्रा हे नाव किती नेमके आहे हे फळ हातात घेतल्यावरच कळते: चक्रासारख्या रचनेत उभे राहिलेले बारीक कप्पे, वरून सपाट, अगदी शिक्क्यासारखे. हिचे फूल चिकण्याच्या फुलाहून मोठे आणि गडद पिवळे असते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हिचे नाव सिडा इंडिका ठेवले होते. पुढे 1826 मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ स्वीट यांनी तिला अब्यूटिलॉन प्रजातीत घातले. शास्त्राने ही फारकत केव्हाच केली असल्यामुळे 'अतिबला' या नोंदीसमोर 'मोठा चिकणा' असा अर्थ देणे मला चुकीचे वाटते. तिथे 'मुद्रा, पेटारी' हेच प्रतिशब्द द्यावेत आणि 'चिकणा' या नोंदीत पानांच्या खुणांसह जाती वेगवेगळ्या सांगाव्यात.