कॉलम टेबलला विचारायचे की मॅपरला?

ओळंबा:
एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसमधली टेबलं पायथनच्या क्लासांना जोडणारी लायब्ररी) वापरणाऱ्या बहुतेक प्रोजेक्टांत एक ओळ हमखास सापडते. `__टेबल__.कॉलम्स`वर लूप फिरवायचा, प्रत्येक कॉलमचं `नेम` घ्यायचं आणि `गेटॲट्र`ने ऑब्जेक्टमधून त्या नावाची व्हॅल्यू काढायची. डिक्शनरी तयार. माझ्या मते ही ओळ चूकच आहे आणि रिव्ह्यूमध्ये ती अडवलीच पाहिजे.

कारण सांगतो. आमच्या एका जुन्या टेबलात 'मेटाडेटा' नावाचा कॉलम आहे. डिक्लरेटिव्ह क्लासमध्ये (ज्यात टेबलाची मांडणी लिहितात तो पायथन क्लास) हे नाव राखीव असतं, म्हणून ॲट्रिब्यूटचं नाव 'तपशील' ठेवून त्याला तो कॉलम जोडला. मग वरचा लूप चालला. एरर आली असती तर बरं झालं असतं! बेस क्लासवर मेटाडेटा नावाचं ऑब्जेक्ट आधीच असतं, तेच हाती आलं. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलच्या प्रत्येक रांगेत 'मेटाडेटा()' छापलं गेलं, आणि ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

`इन्स्पेक्ट(क्लास).कॉलम_ॲट्र्स` वापरा आणि त्यातली `की` घ्या. `इन्स्पेक्ट(क्लास)`ने मॅपर हाती येतो, म्हणजे क्लास आणि टेबल यांची जोडणी सांभाळणारा भाग; ॲट्रिब्यूटची खरी नावं त्यालाच माहीत असतात.

रांगोळी_४२:
असहमत. दोष `__टेबल__`चा नाही. नाव टेबलाकडून घ्यायचं आणि व्हॅल्यू ऑब्जेक्टकडून, ही सरमिसळ तुम्हाला नडली. थेट `सिलेक्ट(क्लास.__टेबल__)` करा, नाव आणि व्हॅल्यू दोन्ही एकाच बाजूने येतील. लाखो रांगा काढायच्या असतील तर प्रत्येकीचा ऑब्जेक्ट बांधायचा कशाला? शिवाय रिपोर्ट वाचणाऱ्याला डेटाबेसमधलीच नावं हवी असतात.

ओळंबा:
एक्स्पोर्टपुरतं मान्य. पण जॉइन्ड इनहेरिटन्स (पॅरेंट आणि चाइल्ड क्लासची टेबलं वेगळी) असेल तर? चाइल्ड क्लासच्या `__टेबल__`मध्ये फक्त त्याच्या स्वतःच्या टेबलाचे कॉलम असतात. पॅरेंटचे सगळे गळतात, तेही मुकाट्याने. मॅपर दोन्हीकडचे देतो.

रांगोळी_४२:
आणि तोच मॅपर डिफर्ड कॉलमही (मागितल्याशिवाय लोड न होणारे) देतो. तुमच्या `गेटॲट्र`ने त्याला हात लावला की त्या ऑब्जेक्टसाठी वेगळी क्वेरी सुटते. हजार ऑब्जेक्ट, हजार क्वेऱ्या. हे प्रॉडक्शनमध्ये दिसतं, टेस्टमध्ये नाही.

ओळंबा:
त्यासाठी `इन्स्पेक्ट(ऑब्जेक्ट).अनलोडेड` आहे. त्यात अजून लोड न झालेली जी नावं येतील ती वगळायची.

तिसरी_घंटा:
थांबा, हे धोक्याचं आहे. कमिटनंतर सेशन (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) डीफॉल्टने सगळी ॲट्रिब्यूट एक्स्पायर करतं, लोड झालेल्या व्हॅल्यू टाकून देतं. म्हणजे कमिट करून लगेच डिक्शनरी मागितलीत तर सगळेच कॉलम अनलोडेड, आणि हातात रिकामी डिक्शनरी. मी यात एक पूर्ण दिवस घालवला आहे. त्यापेक्षा `कॉलम_ॲट्र्स`मधल्या प्रत्येकाचा `डिफर्ड` फ्लॅग बघा, तो मॅपिंगमध्येच ठरलेला असतो.

रांगोळी_४२:
तो फ्लॅग क्लासपुरता. क्वेरीवर `डिफर()` लावून कॉलम मागे ठेवला असेल तर फ्लॅगला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून माझं म्हणणं तेच: जे कॉलम हवेत ते `सिलेक्ट`मध्ये नावाने लिहा. टाइप करायला दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

ओळंबा:
साठ कॉलमांच्या टेबलाला मी हे करणार नाही. नवीन कॉलम आला की ती यादी हमखास विसरली जाते. पण अनलोडेडचा मुद्दा पटला, आमच्या कोडमधला तो भाग आजच बदलतो.