केशवराव भोसले नाट्यगृह : आपापल्या आठवणी लिहाव्यात

शेजारीणबाई : आगीनंतर प्रथमच माहेरी कोल्हापूरला आले होते. रिक्षावाल्याला सवयीने ‘केशवरावपाशी थांबवा’ असे सांगितले, आणि उतरल्यावर दगडी दर्शनी भिंतीच्या मागे थेट आभाळ दिसले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री रंगमंच, खुर्च्या, छप्पर सगळे जळाले. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवराव भोसले यांची जयंती होती. राज्य नाट्य स्पर्धेत मी तेथे शेजारीणबाईंची तीन मिनिटांची भूमिका केली होती. माझे शेवटचे वाक्य शिल्लक असतानाच प्रकाशयोजना करणाऱ्याने अंधार केला, आणि हातातली साखरेची वाटी सांभाळत मी विंगेऐवजी पडद्यातच शिरले. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

जुना_प्रेक्षक : १९५७ मध्ये नाव बदलले, तरी माझे वडील अखेरपर्यंत ‘पॅलेस थिएटर’च म्हणत. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ते उभे केले आणि त्याच्या पाठीशी खासबागेचे कुस्ती मैदान होते. त्यामुळे घरातून निघताना वडिलांनी ‘खासबागेकडे जातो’ असे म्हटले की ते नाटकाला निघाले आहेत की कुस्तीला, हे आईला परत आल्यावर धोतरावरची माती पाहूनच कळे.

मिरजकर_तिकटी : वाटी साखरेची होती, हे अजून आठवते म्हणजे कमाल आहे!

तंबोरा : नव्या पिढीसाठी थोडे लिहितो. केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन केली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ नाटक झाले, त्यात ते नायक धैर्यधर होते. आणि त्याच ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

पडद्यामागचा : मी नेपथ्य लावणारा माणूस, आम्हांला नाटक कडेनेच दिसते. प्रयोग संपला की फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, उतरवून गाडीत भरेपर्यंत उत्तररात्र होई, आणि नंतर वाकलेले खिळे वेचताना लक्षात येई की रंगमंचाच्या फळ्यांना आमच्या आधीच्या कितीतरी मंडळींच्या खिळ्यांची भोके आहेत. आग लागल्याचे कळताच धावत गेलो. शेजारी ओळखीचे एक ज्येष्ठ नट उभे होते, परंतु आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

गृहिणी_७२ : पोळ्या करता करता लिहीत आहे. प्रेक्षागृहात खांब आड येत नसे, म्हणून आम्ही बहिणी नेहमी मागचे, स्वस्तातले तिकीट काढत असू आणि वाचलेल्या पैशांची खाऊगल्लीत भेळ खात असू.

मिरजकर_तिकटी : गृहिणीताई, भेळेपायी दुसऱ्या अंकाची सुरुवात आमचीही कायम चुकत असे.

डिमरवाला : शेजारीणबाई, स्पर्धेच्या काही नाटकांना प्रकाशयोजना माझी होती, आणि एकदा मी घाईने अंधार केल्याबद्दल दिग्दर्शकांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. आपले वर्ष कोणते?

शेजारीणबाई : १९९३. वाटी पितळेची होती आणि ती पडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता.

डिमरवाला : मग तो मीच.