विधान परिषद ठेवायची तरी कशाला?

रिकामटेकडा_पुणेकर:
काल घरात यावरून वाद झाला म्हणून इथे टाकतोय. आपल्या विधानसभेत २८८ आमदार, ते आपण निवडतो, ठीक. पण वर परत ७८ जणांची परिषद आहे ती कुणासाठी? ३० जणांना आमदारच निवडतात, २२ जणांना नगरसेवक आणि झेडपी मेंबर, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांचे. म्हणजे सामान्य माणसाचं थेट मत शून्य. साधं बिल ते अडवून अडवून किती अडवणार, आधी तीन महिने, विधानसभेने परत पास केलं की एक महिना, आणि पैशाचं बिल असेल तर फक्त १४ दिवस. मग आहे कशाला? देशात सहाच राज्यांत परिषद उरलीये, बंगालने १९६९ लाच गुंडाळली, तमिळनाडूने १९८६ ला. त्यांचं काय अडलं? माझं मत, बंद करा. पडलेल्यांची सोय लावायचा मागचा दरवाजा आहे नुसता.

मास्तर_तासगावकर:
सोय म्हणता ना, मग वि. स. पागेंचं नाव ऐकलंय का? १९६० पासून १९७८ पर्यंत याच परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची, १९६५ ला आमच्या तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला, ७२ च्या दुष्काळात त्याच कामांवर लोक जगले, माझी आजी स्वतः खडी फोडायला होती, आणि पुढे १९७७ ला कायदा झाला. दिल्लीला हे सुचायला २००५ उजाडलं. असा माणूस आजच्या विधानसभेच्या निवडणुकीत डिपॉझिट तरी वाचवेल का सांगा.

रिकामटेकडा_पुणेकर:
मास्तर, मान्य, पण पागे एकच. पन्नास वर्षांपूर्वीचं उदाहरण द्यावं लागतंय यातच आलं सगळं.

ठेचा_भाकर:
बरं, जवळचं घ्या. गडकरी. १९८९ पासून नागपूर पदवीधरमधून येत होते, विधानसभा एकदाही जिंकले नाहीत, आणि ९५ च्या युती सरकारात बांधकाम मंत्री म्हणून मुंबईचे फ्लायओव्हर आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे त्यांच्याच काळात सुरू झाले ना? मी त्यांच्या पक्षाचा नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच सुरू व्हाल.

कोकणी_फणस:
अहो पण पदवीधरचं काय कौतुक सांगताय. दर सहा वर्षांनी यादी पहिल्यापासून, परत फॉर्म १८, परत डिग्रीची झेरॉक्स. मी गेल्या वेळी भरला, पोच घेतली, यादीत नावच नाही. शेजारी उमेदवाराच्या माणसाने गठ्ठ्याने फॉर्म भरले त्यात मात्र अख्ख्या घराची नावं. आणि मत द्यायचं ते त्यांच्याच जांभळ्या पेनाने, पसंतीक्रम आकड्यात लिहून. इतकं शिकलेले लोक तरी दरवेळी हजारोंनी मतं बाद 😄 शिवाय डिग्रीवाल्याला दोन मतं आणि शेतात राबणाऱ्याला एक, हे कुठल्या न्यायात बसतं? शिक्षकांना मतदारसंघ मग आशाताईंना का नाही, ऊसतोड कामगारांना का नाही?

मास्तर_तासगावकर:
हा प्रश्न बरोबर आहे. पण याचं उत्तर मतदारसंघ बदला असं येतं, सभागृह मोडा असं नाही.

चहा_कटिंग:
मला तर राज्यपालांच्या त्या १२ जणांचं हसू येतं. घटनेत लिहिलंय साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा. एकेकाळी गदिमा होते, ना. धों. महानोर होते, शेतीवर, पाण्यावर बोलायचे. आता बघा. नोव्हेंबर २०२० ला मविआने यादी पाठवली, राज्यपाल हो पण म्हणेनात आणि नाही पण, सरकार पडलं, नव्यांनी यादीच मागे घेतली, आणि शेवटी ७ जणांचा शपथविधी कधी, १५ ऑक्टोबर २०२४, ज्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी! त्यात कवी कोण शास्त्रज्ञ कोण शोधून दाखवा, जेवण माझ्याकडून.

ठेचा_भाकर:
याला मात्र उत्तर नाही माझ्याकडे.

रिकामटेकडा_पुणेकर:
आणि २२ च्या कोट्याचं बोला की. पालिका-झेडपीच्या निवडणुका २०२२ पासून रखडल्या, नगरसेवकच नव्हते तर मत देणार कोण, म्हणून त्या जागा एकेक करून रिकाम्या पडत गेल्या. कुणाला फरक पडला? कुणाच्या लक्षात तरी आलं?

सातारी_कंदी:
फरक पडतो भाऊ, फक्त वेगळ्या ठिकाणी. २० जून २०२२ आठवा. १० जागा, ११ उमेदवार, २८५ मतं, निवडून यायला २६ चा कोटा. मतदान गुप्त, त्यामुळे कुणाचं मत फुटलं कळतच नाही. भाजपचे पाच आले, काँग्रेसचे हंडोरे पडले, आणि त्याच रात्री शिंदे सुरतेला. २०२४ च्या जुलैत परत तेच, ११ ला १२ उभे, शेकापचे जयंत पाटील पडले. विधानसभेत कोण कुणासोबत आहे हे कळायचं थर्मामीटर आहे ही निवडणूक.

कोकणी_फणस:
थर्मामीटरसाठी ७८ जणांचा पगार आणि पेन्शन? औषधाच्या दुकानात दीडशेला मिळतो.

मास्तर_तासगावकर:
हसा. पण २०२४ ला विधानसभेत विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाला २० जागा, विरोधी पक्षनेतेपदाचा दावा सांगायला लागतात २९. तिथे त्या खुर्चीवर कुणीच नाही आणि परिषदेत मात्र ऑगस्ट २०२५ पर्यंत अंबादास दानवे विरोधी पक्षनेते होते. एका सभागृहात लाट आली तरी दुसरं एकदम वाहून जात नाही, कारण दर दोन वर्षांनी एक तृतीयांशच बदलतात. आंध्राने १९८५ ला बंद केली आणि २००७ ला परत आणली, उगाच नाही.

चहा_कटिंग:
परत आणली ती सोय लावायलाच मास्तर 🙏

रिकामटेकडा_पुणेकर:
लाटेचा मुद्दा पटतोय थोडा. तरी माझं मत बंदच करा. बाय द वे पुणे पदवीधरची मुदत २०२६ अखेर संपतेय, नोंदणी परत करावी लागेल. डिग्री सर्टिफिकेट सापडत नाहीये, फॉर्म १८ ला शेवटच्या वर्षाची मार्कशीट चालते का कुणाला माहितीये?